थेंब जाड नव्हता

चाकणच्या बाजूची माणसं मला रक्ताची दुर्बीण म्हणतात. सरकारी कागदावर मी 'मायक्रोस्कोप, एक नग' आहे. नावावरून माझं काही अडत नाही, पण 'नग' हा शब्द मला अजूनही टोचतो. वीस वर्षं मी या भागात आहे, इथल्या गावांचं रक्त पाहिलंय. वीस वर्षांत माणसं मोडक्या खुर्चीलासुद्धा आपली म्हणायला लागतात.

मला डोळा एकच. माझ्यात बघायचं तर दुसरा डोळा मिटावा लागतो, आणि तो मिटताना भलेभले तोंड वेडंवाकडं करतात. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला एकदा डोकावायची हौस असते. बहुतेकांना आपल्या पापण्या दिसतात. एक सरपंच तर "केवढाले जंतू हायेत" म्हणून मागं सरले होते. आमच्या तंत्रज्ञानं, ज्योतीरामनं, त्यांचा गैरसमज दूर केला नाही. चहा मागवून वेळ मारून नेली.

माझा जन्म अंबाल्याचा, १९६२ सालचा. तिथल्या एका लहान कारखान्यात माझी पितळी नळी कातली, वरून काळा रंग दिला आणि खाली तीन भिंगं बसवली. त्यातलं सगळ्यात ताकदवान भिंग तेलाच्या थेंबात टेकवून वापरायचं असतं. मला दिवा नाही. पायाशी एक गोल आरसा आहे, तो खिडकीकडं वळवला की उजेड आत शिरतो. ढगाळ दिवशी माझं काम मंदावतं, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम चालू होती आणि त्यासाठीच मला विकत घेतलं गेलं. रेल्वेनं पुण्याला आलो, तिथून जीपमधून चाकणच्या पुढल्या एका आरोग्य केंद्रात. पहिली तीन वर्षं उसंत नव्हती. पुढं हिवताप जवळजवळ नाहीसा झाला आणि मला पेटीत घालून कपाटावर चढवलं. काम फत्ते झालं की आधी हत्यारं अडगळीत जातात, हे मी तेव्हा शिकलो.

आठ वर्षं मी त्या पेटीत होतो. भिंगांवर बुरशी चढली. बाहेरचं जग फक्त कानावर पडायचं. आधी सकाळी बैलगाड्या जायच्या, मग सायकली वाढल्या, मग एसटीला गर्दी व्हायला लागली. भोसरी, पिंपरी, चिंचवडला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आमच्याकडची माणसं कांद्याच्या वाफ्यातून उठून कामाला जात होती. 'शिफ्ट' आणि 'ओव्हरटाइम' हे शब्द मी पेटीत बसूनच शिकलो.

मग हिवताप परत आला, चांगला दणक्यात. मला खाली काढलं ते ज्योतीरामनं. हा मराठवाड्यातून बदली होऊन आलेला तंत्रज्ञ. त्यानं दोन दिवस बसून मलमलीच्या फडक्यानं माझं एकेक भिंग पुसलं. माणूस कामाचा, हात हलका, पण तोंड तिखट. मला तो आवडायचा आणि अजूनही आवडतो. पुढं सांगणार आहे त्यात त्याची चूक आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं काम असं चालायचं. मुरारी नावाचा हिवतापाचा कर्मचारी सायकलवरून गावं फिरायचा. दर पंधरा दिवसांनी तो प्रत्येक घराच्या दारी जायचा, कोणाला ताप आहे का विचारायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढं जायचा. ताप असला की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर एक थेंब घ्यायचा, तो करंगळीच्या नखाएवढा पसरायचा आणि चार गोळ्या देऊन यायचा. त्या काचपट्ट्या ज्योतीरामकडं यायच्या. तो त्या रंगवायचा आणि माझ्याखाली ठेवायचा.

रंगवताना त्या थेंबातल्या लाल पेशी विरघळून जातात. पांढऱ्या पेशींचे जांभळे ठिपके तेवढे उरतात, आणि हिवताप असला तर त्यांच्या अधेमधे त्याचे बारीक जंतू. ज्योतीरामनं शोधायचे ते जंतू. सापडले तर पॉझिटिव्ह, नाही सापडले तर निगेटिव्ह. पावसाळा सरता सरता दिवसाला साठ-सत्तर काचपट्ट्या साठायच्या. जांभळ्या ठिपक्यांकडं बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भाजी निवडणाऱ्या बाईला अळी तेवढी दिसते, तसं त्याचं झालं होतं.

१९७९ च्या ऑक्टोबरात नीलाची पहिली काचपट्टी आली.

नीला पाच वर्षांची. तिचा बाप जयसिंग भोसरीच्या एका कंपनीत रंगखात्यात होता. आई कस्तुरा घरची तीन एकर बघायची. घरात आजी तानुबाई आणि नीलाहून धाकटे दोन भाऊ. पोरीला आठ दिवस ताप येत-जात होता. मुरारीनं थेंब घेतला, गोळ्या दिल्या.

ती काचपट्टी माझ्याखाली आली आणि मी चकित झालो. एरवी एका नजरेत दहा-पंधरा जांभळे ठिपके दिसतात. इथं शेकडो होते, एकाला एक चिकटून, मधे जागाच नाही. मी ते सगळं स्वच्छ दाखवलं. माझी भिंगं त्या दिवशी पुसलेली होती, उजेड चांगला होता. ज्योतीरामनं त्या गर्दीत जंतू शोधले. जंतू नव्हते. त्यानं वहीत निगेटिव्ह लिहिलं आणि शेजारी शेरा मारला, 'थेंब जाड'.

त्याला वाटलं, मुरारीनं थेंब मोठा घेतला, म्हणून इतकी दाटी दिसतेय. संध्याकाळी त्यानं मुरारीला झापलं.

"मुरारीराव, रक्त काढताय का सांडताय? थेंब जरा बारीक घेत जा."

मुरारीनं रिकामी पेटी उचलली. तो सातवी झालेला, हा सरकारी तंत्रज्ञ.

नीलाचा ताप दोन दिवस उतरला. तो आपणच उतरला होता, पण घरच्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. मग पुन्हा चढला. पंधरा दिवसांनी मुरारीनं दुसरी काचपट्टी आणली. पुन्हा तीच दाटी, पुन्हा तोच शेरा. मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. इतकी चीड मला माझ्या मुकेपणाची कधी आली नव्हती.

तिसऱ्या वेळी नोव्हेंबर अर्धा सरला होता. मुरारी काचपट्ट्यांची पेटी नेहमीसारखी ठेवून निघून गेला नाही. खिशातून कागदात गुंडाळलेल्या दोन काचपट्ट्या काढून त्यानं टेबलावर मांडल्या.

"ही त्या जयसिंगच्या पोरीची," तो म्हणाला. "आन् ही माजी सवताची. तिच्या दारातच घेतली, तिच्यामागनं लगेच. थेंब दोन्ही येवढालेच हायेत, मोजून बघा पट्टीनं. तिचा जाड असंल तर माजाबी जाड दिसंल."

ज्योतीराम हसला. पण त्यानं पट्टी लावून खरंच मोजलं, ही त्याची जमेची बाजू. दोन्ही थेंब सारखे होते. त्यानं दोन्ही रंगवल्या. आधी मुरारीची ठेवली. नऊ ठिपके. जागा बदलली. अकरा. मग नीलाची ठेवली.

तो बराच वेळ माझ्यावर वाकून होता. त्याचा श्वास माझ्या नळीवर यायचा तो थांबला. मग तो उठला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला. मुरारी तिथंच उभा राहिला. त्याला काय झालंय ते कळलेलं नव्हतं, आपला थेंब जाड नव्हता एवढंच कळलं होतं.

इंद्रायणीबाई केंद्रात नव्यानं आलेल्या डॉक्टर. त्यांनी एकदा बघितलं आणि पोरीला लगेच घेऊन यायला सांगितलं. मुरारी सायकलवर गेला आणि दुपारी सगळं घर आलं.

नीलाला बापानं खांद्यावर आणलं होतं. ती कागदासारखी पांढरी पडली होती. बाईंनी बोट टोचून यावेळी रक्त काचेवर पातळ ओढलं, म्हणजे पेशी सुट्या सुट्या दिसतात. ते रंगून वाळेपर्यंत त्यांनी पोरीला तपासलं. मानेला आणि काखेत गाठी लागल्या. पोटात डावीकडं पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली होती. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते आणि नडग्यांवर काळेनिळे डाग. बाई एकेक विचारत गेल्या. दात घासताना रक्त येतं का? येतं. जेवण? नावाला. पाय दुखतात का? त्यावर नीला म्हणाली, "आतनं दुखत्यात."

मग बाईंनी पाठ बघायला झबलं वर केलं. पाठीवर चार बोटांचा वळ होता, हिरवट पडलेला.

 तानुबाई म्हणाली, "हिनं मारलं पोरीला. आठ दिस झालं, अजून जात न्हाई."

कस्तुरा खाली बघत होती. बाई तिला काही म्हणाल्या नाहीत. वाळलेली काचपट्टी माझ्याखाली ठेवून त्या बसल्या. मी दाखवत होतो त्या पेशी मोठ्या होत्या. आत नुसतं केंद्रक, भोवती जेमतेम किनार. सगळ्या एकाच छापाच्या, सगळ्या कच्च्या.

"हिला हिवताप नाही," बाई म्हणाल्या. "हा रक्ताचा कर्करोग वाटतो. ल्युकेमिया म्हणतात. अजून कमरेच्या हाडातला मगज काढून तपासावा लागेल, ते इथं होत नाही. पण मला दुसरं काही वाटत नाही."

जयसिंगनं पोरीला मांडीवर आवळून धरलं. बाईंनी त्यांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. मटणाच्या नळीत मगज असतो, तसा माणसाच्या हाडात असतो. तिथं रक्त तयार होतं. कधी एखादी पांढरी पेशी तयार होताना बिघडते. ती पुरती वाढत नाही आणि स्वतःसारख्या आणखी करत सुटते. त्यांची दाटी झाली की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. लाल पेशी कमी पडल्या म्हणून पोर पांढरी झाली. रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी पडल्या म्हणून डाग आणि हिरड्यांतून रक्त. कच्च्या पेशी ढीगभर असल्या तरी रोगाशी लढत नाहीत, म्हणून ताप पुन्हा पुन्हा. आणि हाडं आतून ठासून भरलीत म्हणून पाय दुखतात.

"लागन हाय का ह्याची?" तानुबाईनं विचारलं. "घरात आजून दोन पोरं हायती."

"नाही आजी. हा लागत नाही."

जयसिंग म्हणाला, "बाई, मी रंगखात्यात हाय. थिनरचा वास कापडाला ऱ्हातो. घरी आलो की ही तशीच अंगावर येती. त्यानं झालं का?"

बाई म्हणाल्या, "काही रसायनांनी आणि क्ष-किरणांच्या फार माऱ्यानं रक्ताचे असले आजार होऊ शकतात, असं आम्ही शिकलोय. पण तुमच्या कपड्यांनी हिला झाला असं मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. बहुतेक पोरांत कारण सापडतच नाही. कपडे मात्र कंपनीतच बदलून येत जा. ते कधीही चांगलं."

मग कस्तुरा बोलली. 

"महिना झाला, ही चालायलाच मागंना. म्हनायची उचलून घे. मला वाटलं लाडावली. शेतावर जायला उशीर व्हत होता, म्हनून म्या पाठीत मारली. रक्त त्यानं नासलं का बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मारल्यानं हा आजार होत नाही. आजार आधीच होता. म्हणून ती चालत नव्हती, आणि म्हणूनच वळ उठला तो गेला नाही."

खरं उत्तर होतं आणि त्यानं कस्तुराची सुटका व्हायला हवी होती. मला वाटतं तिला ते जास्तच लागलं.  ती म्हणाली, "मला बघू द्या."

बाईंनी तिला माझ्यापाशी बसवलं. पहिल्यांदा तिलाही पापण्याच दिसल्या. मग बाईंनी तिचं डोकं जरा मागं घेतलं आणि तिला दिसलं.

"समद्या सारख्याच दिसत्यात," ती म्हणाली. "ह्यातल्या वाईट कंच्या?"

"या सगळ्याच. त्या इतक्या सारख्या दिसायला नको होत्या."

"उपाय हाय?"

"आहे, मुंबईला. औषधं कडक असतात आणि वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. सगळी पोरं बरी होत नाहीत, काही होतात. आज रात्री नका थांबू, संध्याकाळच्याच गाडीनं निघा."

ते निघाले. ज्योतीराम दारात उभा होता. दोन काचपट्ट्या आपल्या डोळ्यांखालून गेल्या, महिना वाया गेला, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. मला ते आवडलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यानं कपाटातल्या जुन्या निगेटिव्ह काचपट्ट्यांचे खोके काढले आणि पुढचे दोन आठवडे काम संपल्यावर एकेक परत तपासत बसला. दुसरी नीला सापडली नाही.

मुंबईचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतो. मगज तपासला आणि बाईंचा अंदाज खरा ठरला. पोर पाच महिने तिथं होती. शिरेतून औषधं, पाठीच्या कण्यात सुया, उलट्या, मग केस गेले. घरी आली तेव्हा तानुबाई म्हणाली, "दुसरं जावळ काढलं म्हना." आता ती म्हातारी उंबऱ्यात बसून असते. शिंकणारं, नाक गळणारं पोर दिसलं की काठी उगारते, कारण गोवर-कांजिण्या नीलाला परवडणाऱ्या नाहीत असं तिला सांगितलंय. सख्ख्या भाचीच्या पोरालाही तिनं एकदा दारातून परत पाठवलं.

कच्च्या पेशी रक्तातून गेल्या होत्या, पण परत येऊ शकतात. म्हणून पहिल्या औषधापासून धरून तीन वर्षं रोज गोळ्या आणि दर आठवड्याला रक्त मोजायचं. पेशी फार उतरल्या तर गोळ्या कमी, चढल्या तर जास्त. दर आठवड्याला मुंबई गाठणं शक्य नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मोजायचं काम ज्योतीरामकडं आलं. म्हणजे माझ्याकडं.

तेव्हापासून दर सोमवारी. जयसिंगची दुसरी पाळी असली की तो सायकलवर आणायचा, पहिली असली की कस्तुरा एसटीनं. ज्योतीरामला पेशी वेगवेगळ्या ओळखून मोजायची सवय नव्हती. इंद्रायणीबाईंनी त्याला शिकवलं. आता तो हिवतापाची काचपट्टीसुद्धा दोनदा बघतो, आणि ठिपके जास्त वाटले की बाईंना हाक मारतो. नऊ वेळा ते जखमेचं किंवा फुप्फुसाचं काही निघालं. दहाव्या वेळी काही निघालंच नाही आणि बाई वैतागल्या. तरी तो हाक मारतो.

एका सोमवारी, नीला बाहेर खेळत असताना, त्यानं कस्तुराला सांगून टाकलं. पहिल्या दोन काचपट्ट्यांचं, 'थेंब जाड'चं, सगळं. मान खाली घालून सांगत होता.

कस्तुरानं ऐकून घेतलं. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्या मारलं. तुमी काचंत बघितलं न्हाई. आता नीट मोजा."

तो मोजायला बसला.

आता १९८२ चा जून चालू आहे. गोळ्यांचे अजून पाच-सहा महिने राहिलेत. त्या थांबल्यावर काही वर्षं वाट बघायची, असं मुंबईचे डॉक्टर सांगतात. पुढचं कोणी बोलत नाही. कस्तुरा आधी विचारायची, "बरी झाली का?" आता ती फक्त "आज?" असं विचारते, आणि ज्योतीराम म्हणतो, "आज काही नाही."

माझी मात्र वेळ झाली आहे. माझा बारीक स्क्रू घसरतो, नजर ठरत नाही. परवा केंद्रात नवा मायक्रोस्कोप आला. दोन डोळ्यांचा, पायात विजेचा दिवा असलेला. मला निकामी ठरवल्याचा कागद निघालाय. या शनिवारी पेटीत घालून मला पुण्याच्या भांडारात पाठवतील. मला त्याची खंत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला अजून एक सोमवार तरी हवा होता.

म्हणून जाता जाता त्या नव्या भावाला सांगतो. सोमवारी दहाच्या सुमारास आठ वर्षांची एक मुलगी येईल. केस कानापर्यंत वाढलेत, रिबिनी लावायचा हट्ट असतो. ती डावा हात पुढं करील, उजवा देत नाही, उजव्या हातानं ती लिहिते. तिच्या काचपट्टीवर ज्योतीराम शंभर पेशी मोजील आणि मग आणखी शंभर मोजील. कंटाळू नकोस. एखादी कच्ची दिसली तर स्वच्छ दाखव, मनात काय वाटतं ते मनात ठेव.

आणि तिची आई आत येत नाही. ती खिडकीबाहेर उभी राहते, पार कडेला, भिंतीला चिकटून. माझा उजेड अडू नये म्हणून गेली दोन वर्षं ती तशी उभी राहत आलीय, तिथून तिला आतलं काहीच दिसत नाही. तुझ्याजवळ तुझा दिवा आहे. ज्योतीरामला हे सुचलं तर बरं. कोणीतरी तिला सांगायला हवं, आता खिडकीत उभं राहिलं तरी चालतं.